चित्रे मंजूर, कुस्ती नामंजूर

ज्या कृतीचा निम्मा भाग मन मोहून टाकतो आणि उरलेला निम्मा हाताला व डोक्याला ताप देतो, ती कृती रसिकाने तडीस न्यावी की मध्येच खाली ठेवून मोकळे व्हावे, हा प्रश्न जाड कादंबऱ्यांच्या वाचकांना आणि पाच अंकी नाटकांच्या प्रेक्षकांना पूर्वीपासून पडत आला आहे. परंतु वाचकाला कंटाळवाणी पाने उलटण्याची आणि प्रेक्षकाला खुर्चीत डुलकी घेण्याची जी मुभा असते ती व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला नसल्यामुळे, त्याच्या बाबतीत या प्रश्नाला निराळीच धार येते. त्याने डुलकी घेतली तर नायिका मरते.

या प्रश्नावरचा एक वाद मी २०२० सालच्या दिवाळीच्या सुमारास, टाळेबंदीचे निर्बंध थोडे सैल झाले असताना, भूगावात शेजारधर्माच्या नात्याने समक्ष ऐकला. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने पश्चिमेकडे निघालेल्या माणसाला बावधन कोठे संपले आणि भूगाव कोठे सुरू झाले हे आता इमारतींच्या दाटीत कळत नाही. तथापि गावाची कुस्तीची ओळख या दाटीने पुसलेली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा याच गावात भरली, अभिजित कटके आणि किरण भगत यांची अंतिम लढत येथेच झाली, आणि विजेत्याच्या खांद्यावर जी चांदीची गदा येते ती ज्यांच्या स्मरणार्थ दिली जाते ते मामासाहेब मोहोळही याच मुळशी तालुक्यातल्या मुठे गावचे. वादातले वडीलधारे पक्षकार पौडच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले. दिवस फेरफाराच्या दप्तरात आणि सुटीचा वार यात्रेच्या फडात, अशी त्यांची हयात गेलेली. दुसऱ्या बाजूस त्यांची भाची. ती पुण्यात वास्तुकला शिकत होती, आणि कॉलेज टाळेबंदीमुळे लॅपटॉपात येऊन बसल्याने मामांच्याच घरी मुक्कामास होती. त्या साली गावोगावच्या यात्रा बंद, यात्रा बंद म्हणून फडही बंद. कुस्तीवाचून उपाशी राहिलेले मामा मग संध्याकाळी भाचीच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्यावरची मारामारी पाहू लागले, आणि वादाची ठिणगी तेथे पडली.

खेळाचे नाव ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. तो रचणारी ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही मंडळी पुण्याचीच. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड हे तिचे संस्थापक. २०१७ साली त्यांनी ‘किकस्टार्टर’वर लोकांकडून वर्गणी मागून पाहिली, ती पुरेशी जमली नाही; तरीही काम रेटून त्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरात इतर यंत्रांवर खेळ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणाच्या पारितोषिकासाठी जी नामांकने झाली त्यांत ‘राजी’चे नाव होते. कथानक सरळ आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही जत्रेत कसरती आणि बाहुल्यांचे खेळ करून पोट भरणारी अनाथ भावंडे. देवांना विसरलेल्या मनुष्यजातीवर असुर चाल करून येतात, मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो. दुर्गा राजीच्या हाती त्रिशूळ देते, आणि महाबलासुरापर्यंतचा प्रवास सुरू होतो. प्रसिद्ध झाल्यावर समीक्षकांनी खेळाच्या चित्रसौंदर्याची मुक्तकंठाने वाखाणणी केली आणि त्यांतल्या अनेकांनी त्याच दमात लढाईबद्दल नापसंती नोंदविली. म्हणजे लढाईबद्दलची मामांची फिर्याद एकट्याची नव्हती. तिचा मसुदा मात्र सर्वस्वी त्यांचा होता.

मामा : तुझी कैफियत मी तुझ्याच तोंडून रोज ऐकली आहे. ‘ही माझे ऐकतच नाही’ असे म्हणून तू तो कंट्रोलर गादीवर आपटत होतीस. ज्या कामाचा एवढा वैताग, ते पुरे करण्याचा हुकूम तुला कोणी दिला होता?

भाची : कोणीच नाही. आणि कैफियत मी मागेही घेत नाही. राक्षस चहूबाजूंनी चालून येतात. कॅमेरा उंच आणि दूर बसविलेला, तो आपल्या हाती नाही. त्या गर्दीत राजी बोटाच्या पेराएवढी दिसते. त्रिशूळ उगारला की तो वार तडीस जाईपर्यंत ती दुसरे काही करायला लवकर तयार होत नाही. मागून येणारा तडाखा मला दिसतो, मी बाजूला सरकायचे बटण दाबते, आणि बाईसाहेबांचा आधीचा वार अजून चालूच असतो. भिंतीवर धावत जाऊन उलटी उडी घेणे, खांबाला धरून गिरकी घेत सगळ्यांना लोळविणे, हे सारे तिला येते आणि दिसते तर फारच देखणे. पण मला हवे त्या क्षणी ते घडेल याची हमी नाही.

मामा : म्हणजे डाव आहेत, पण लागू होत नाहीत.

भाची : लागतात, उशिरा लागतात.

मामा : उशिरा लागलेल्या डावाला आमच्याकडे डाव म्हणत नाहीत. हे पाहा, कठीण कुस्ती आणि सदोष कुस्ती यांत मी अंतर मानतो. कटके आणि भगत यांची लढत मी आपल्या गावात डोळ्यांनी पाहिली. एक मॅटच्या गटातून वर आलेला, दुसरा मातीच्या गटातून. शेवटी गुणांवर निकाल लागला, आणि मातीवाल्यांना त्याची चुटपुट पुष्कळ दिवस लागून राहिली. पण हरलेल्या मल्लाने काय म्हणावे? समोरचा सवाई निघाला, माझा अंदाज चुकला, दम कमी पडला. ‘मी पट काढायला वाकलो, पण माझाच गुडघा माझा निरोप उशिरा घेऊन आला’ असे तर कोणी म्हणत नाही! अडचण समोरच्या अंगात असावी. ती आपल्याच अंगात कोणी परस्पर बसवून ठेवली असेल, तर ती परीक्षा नव्हे. ती अडवणूक आहे.

भाची : तालमीत पहिल्या दिवशी उतरलेल्या पोराचा गुडघा तरी त्याचे कोठे ऐकतो, मामा?

मामा : आज ऐकत नसेल, पण जोर-बैठकांनी उद्या ऐकू लागतो, कारण गुडघा त्याचा आहे. राजीचा गुडघा कोणा कारागिराने खुर्चीत बसून बांधला. तू पहाटे उठून हजार जोर मारलेस तरी तो सुधारायचा नाही.

मला हा मुद्दा बिनतोड वाटला, आणि अद्यापही वाटतो. व्हिडिओ गेमवर लिहिणारे लोक अवघड आणि वाईट यांची बेमालूम सरमिसळ करतात. एखाद्याने लढाईची तक्रार केली की ‘तुला खेळता येत नाही’ असा शेरा मारून त्याचा अर्ज फेटाळण्यात येतो. वास्तविक खेळाडूचा हात आणि पडद्यावरचे पात्र यांच्यामध्ये आज्ञापालनाचा एक अलिखित करार असतो. तो करार पाळून खेळ शंभरदा हरवो, खेळाडू चरफडतो पण रागवत नाही. तो मोडून एकदाच हरविले तरी त्याला फसवणुकीची भावना येते. भाचीने मात्र करारभंगाची ही बाब नाकारली नाही, आणि तिच्या बाजूचा कस येथेच लागला.

भाची : राजीचा गुडघा सुधारला नाही हे कबूल. मी सुधारले. पहिल्या काही लढाया मी चिडून खेळले, बटणे बडवीत गेले, आणि मी दाबलेले प्रत्येक बटण उधारीसारखे पुढच्या क्षणावर चढत गेले. पुढे ध्यानात आले की तिच्याकडून एका वेळी एकच गोष्ट मागायची, आणि ती पुरी झाल्यावाचून दुसरी मागायची नाही. शार्ङ्ग धनुष्य हाती आल्यावर तर मी लांबूनच अर्धे राक्षस संपवू लागले. उरलेल्यांना खांबाभोवती गोळा होऊ द्यायचे आणि मग एकच गिरकी. तरीही एके ठिकाणी फार झाले, तेव्हा मी सरळ सोपी पातळी निवडली. त्याची मला लाज वाटत नाही.

मामा : मग लढाई आवडू लागली?

भाची : नाही. उरकता येऊ लागली.

मामा : उरकणे! आमच्या कचेरीत मार्चअखेर असेच चाले. पण त्याचा आम्हांला पगार मिळे. तुला काय मिळत होते?

भाची : दोन लढायांच्या मधला रस्ता.

यानंतर ती जे बोलली ते तिच्या शब्दांत संपूर्ण देणे मला साधणार नाही, कारण बोलता बोलता ती कागदावर कमानी आणि गवाक्षे काढीत होती. परंतु तात्पर्य असे होते. लढाई संपली, दार उघडले, की राजी एकटीच चालू लागते, आणि जो कॅमेरा लढाईत वैरी होता तोच आता मित्र होतो; कारण दूर आणि उंच राहिल्यामुळे तो सबंध प्रासाद एका दृष्टिक्षेपात दाखवितो. राजस्थानी हवेल्यांचे चौक, जाळीदार गवाक्षे, छत्र्या, एकाखाली एक उतरत गेलेल्या पायऱ्यांच्या बावड्या, आणि त्या सर्वांवर पहाडी लघुचित्रांच्या धर्तीचा रंग. वास्तुकलेच्या वर्गात ज्या इमारतींचे नकाशे आणि छेद तिने कागदावर काढले, त्यांत प्रथमच कोणी तरी चालत होते. सावली कोणत्या प्रहरी कोठे पडते आणि अरुंद जिन्यातून मोकळ्या चौकात आल्यावर छाती कशी उघडते, हे तिला या पोरीच्या पावलांनी कळले. वाटेत भिंतींवर चित्रे आहेत. राजी त्यांच्यापाशी थांबली की दुर्गा आणि विष्णू तिला वरून न्याहाळीत आपसांत बोलतात, महिषासुराची कथा सांगतात, एकमेकांना टोमणेही मारतात. कोठे कोठे गोल तबकड्या फिरवून मोडलेले चित्र जुळवावे लागते, आणि जुळलेल्या चित्रात गोलूबरोबरचा एखादा जुना दिवस निघतो.

मामा : देव कोणत्या भाषेत बोलतात?

भाची : इंग्रजीत.

मामा : पुण्यात बसून देवांना इंग्रजी शिकविले, आणि इमारती राजस्थानातून आणल्या! घनगड, कोरीगड आपल्या तालुक्यात, त्यांना पडद्यावर जागा नाही.

भाची : जागा मिळायला हवी होती असे मलाही वाटते. पण आपला गड म्हणजे काळा कातळ आणि त्याच कातळाचा तट. त्याचे सौंदर्य उघड्या दगडाचे आहे. ज्यांना भिंतीवर पुराण रंगवायचे आहे त्यांनी रंगवायच्या भिंती शोधल्या, यात मला गुन्हा दिसत नाही. आणि पुण्याचा खेळ म्हणून मी गुण वाढवून दिले असे म्हणत असाल, तर लढाईला मी दिलेले गुण आपण आत्ताच ऐकलेत.

येथे मला एक गोष्ट सांगावीशी वाटली आणि मी ती सांगितली, जरी पंचाने मध्ये बोलू नये असा संकेत आहे. या खेळात कथा पुढे नेणारे जे प्रवेश आहेत ते छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखविले आहेत. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्यांची छाया पडद्यावर पाडून रामायण सांगत आले, त्याच ठाकरांनी चित्रकथीच्या पोथ्या जपल्या. पुण्यातल्या संगणकावर तयार झालेल्या या खेळाचे सिंधुदुर्गातल्या त्या दिव्याच्या पडद्याशी प्रत्यक्ष नाते आहे असा माझा दावा नाही. पण मामांनी, कोणाचीही परवानगी न घेता, खुर्ची पुढे ओढली.

मामा : पंचनाम्यावाचून फैसला करणे बरे नव्हे. ते यंत्र इकडे दे.

भाचीने खेळ मुळारंभापासून लावून दिला. कंट्रोलर पोथीसारखा दोन्ही हातांत धरून, चष्मा कपाळावर सारून मामा बसले. चालणे त्यांना लवकर साधले; उडी मारताना मात्र राजीबरोबर तेही खुर्चीतून थोडे वर येत. पहिल्या चौकात वाट अडली, असुर उतरले, आणि ज्या गृहस्थाने हौद्याबाहेर बसून कित्येक मल्लांच्या चुका हेरल्या होत्या त्यांनी त्रिशूळ भलत्याच दिशेला चालवून राजीला यथावकाश यमसदनी पाठविले. ते काही बोलले नाहीत. पुन्हा तेच, आणि पुन्हा तोच परिणाम. तिसऱ्या खेपेस चौकाकडे न जाता त्यांनी राजीला मागे फिरविले, एका भिंतीपाशी उभे केले, आणि चष्मा डोळ्यांवर आणून ते नुसते पाहत राहिले.

मामा : ही भिंत कोणी रंगविली?

भाची : त्याच मंडळींपैकी कोणी तरी. फार माणसे नाहीत ती.

मामा : तर मग शेरा लिहून घे. चित्रे मंजूर, कुस्ती नामंजूर. आणि माझा मूळ आक्षेप यामुळे अधिकच बळकट होतो. इतकी उत्तम भिंत पाहण्यासाठी मी त्या चौकातून का जावे? ज्याच्याजवळ एवढा ऐवज आहे त्याने दारात नादुरुस्त नाका बसवून जाणाऱ्या-येणाऱ्याकडून जकात का घ्यावी?

भाची : कारण नुसत्या भिंती असत्या तर मी पहिल्या दालनातच ‘छान आहे’ म्हणून लॅपटॉप मिटला असता. भाऊ पळवून नेला आहे आणि वाटेत कोणीच अडवीत नाही, हे कसे चालेल? अडवणारे हवेत. ते नीट अडवीत नाहीत, इतकेच.

मामा : बरे. एवढी जकात भरून शेवटी मुक्कामाला पोचलीस. भाऊ सापडला?

या प्रश्नाची भाचीला धास्ती असावी, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले. ‘राजी’चा शेवट हे या खेळाचे दुसरे दुखणे आहे: महाबलासुराशी झुंज होते, पण गोष्ट मिटत नाही, पुढच्या भागाकडे बोट दाखवून पडदा पडतो. ज्याने केवळ शेवटाच्या आशेवर लढाया सोसल्या असतील, त्याच्या पदरात पाच-सहा तासांच्या अखेरीस एक वायदा पडतो.

भाची : गोष्ट अर्धी राहते.

मामा : म्हणजे बरोबरीत सुटली! पंचांनी हात वर करून दोघांना पाठविले घरी! पोरी, याच्यासाठी तू दिवाळीचा फराळ वळायचा सोडून बसली होतीस?

भाची : मामा, तुम्ही फडातून शेवटच्या कुस्तीआधी उठून आल्याचे मला आठवत नाही. मामी सांगते, एका यात्रेत शेवटची जोड नुसती खडाखडी करीत राहिली, लोक शिट्ट्या मारू लागले, हलगीवाला वाजवून थकला, अंधार पडला, आणि कुस्ती बरोबरीत सोडविली. तुम्ही तेव्हाही बसूनच होता.

मामा : होतो. पण मी हौद्याबाहेर होतो. रटाळ कुस्ती पाहणाऱ्याचा वेळ जातो. करणाऱ्याची इभ्रत जाते. तू आत होतीस. प्रत्येक खेपेला तो वार तुझ्या हातून चुकला, असे तुला वाटायला लावले गेले.

भाची : म्हणूनच तर नेमका कोठे चुकतो ते मला ठाऊक आहे. लढाई वाईट आहे हे अर्ध्यावर सोडणाराही सांगेल. पण ती पुढे पुढे थोडी सावरते, नवी शस्त्रे आल्यावर श्वास घ्यायला जागा होते, आणि शेवट मात्र लढाईपेक्षाही जास्त निराश करतो, हे सांगायला शेवटपर्यंत जावे लागते. तक्रार करण्याचा पुरा हक्क त्यालाच.

मामा : तक्रारीच्या हक्कासाठी सहा तास! आमच्या कचेरीत तो कोर्ट-फी तिकिटावर मिळत असे.

दोघांची बाजू ऐकून माझे मत कोठे झुकले हे सांगणे भाग आहे. दोषाच्या निदानात मामा बरोबर होते, आणि भाचीने आपल्या चिकाटीचे जे समर्थन मांडले ते तिच्या प्रत्यक्ष वर्तनापेक्षा कमकुवत होते. हक्कबिक्क मिळविण्यासाठी कोणी लढत नाही. पुढच्या दारापलीकडे या मंडळींनी काय रंगविले असेल, एवढ्या एका कुतूहलाने ती गेली, आणि ते कुतूहल लढाईने मारले नाही यातच त्या चित्रकारांचे सामर्थ्य दिसते. ज्या खेळात असे कुतूहल उरत नाही तो तिने पहिल्या दिवशी मिटला असता, आणि मामांनी तिला शाबासकी दिली असती. पुढे २०२२ साली रचनाकारांनी ‘राजी’ची सुधारित आवृत्ती काढली, तीत लढाईवर आणि हालचालींवर पुन्हा हात फिरविला, आणि देवांना हिंदीही बोलता येऊ लागले. ती वार्ता मामांच्या कानी घातली तेव्हा ‘पुनर्विचारार्थ दाखल’ एवढेच ते म्हणाले.

त्या दिवशी मात्र प्रकरण असे बरखास्त व्हायचे नव्हते. चहाचे कप उचलले गेल्यावर मामांनी भाचीला कागद घ्यायला सांगितले.

मामा : लिही. रचनाकार मंडळींच्या सेवेशी. विनंती अर्ज ऐसा की, वार मध्येच मोडून बाजूला होण्याची मुभा राजीस देण्यात यावी. लढाईपुरता कॅमेरा थोडा खाली उतरावा. भिंती रंगविणाऱ्या इसमास बढती मिळावी. आणि पुढच्या भागात भाऊ परत करण्यात यावा.

भाची : लिहिले. मुदत घालू का?

मामा : नको. चांगल्या कामाला घाई नको. वारंवार स्मरणपत्रे मात्र जातील, असे खाली घाल.

भाची : आणि सही तुमची?

मामा : माझी कशी? मी पहिल्याच चौकात मेलो. सही तू कर.